कुरडईला तीट

"आत्याबाई, कालपासून चारशे लोकायनं पाह्यलं आपल्याले," सून वर्षाराणी फोनातून मान वर न करता म्हणाली, आणि गच्चीवर धोतर अंथरून बसलेल्या रंगूबाईच्या हातातला साचा जागीच थांबला. अर्धी कुरडई धोतरावर, अर्धी साच्यात.

"कोनं पाह्यलं?"

"लोकायनं. गूगलवर."

"कोनते लोकं?"

"थे नाई दिसत."

रंगूबाई भिणाऱ्यातली बाई नव्हे, हे मालेगावात कुणालाही विचारा. बाजारात तिनं काट्याकडे नुसतं पाहिलं तरी भाजीवाला आपणहून एक वांगं जास्तीचं टाकतो. तिचा नवरा नानाजी तर लग्न झाल्यापासून तिला विचारून खोकतो. पण ही सगळी समोरची माणसं. समोरच्याशी भांडता येतं. जो दिसत नाही, बोलत नाही, आणि आपल्या ओल्या कुरड्या डोळे भरून पाहून गुपचूप निघून जातो, त्याला कोणत्या तोंडानं शिवी घालायची?

त्यात कुरडईचं काम नाजूक. गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, चीक शिजवा, एवढं सगळं करून कुरडई फुलून येते की कोळशासारखी बसते, हे रंगूबाईच्या मते शेवटी नजरेवर. तिच्या घरची रीतच होती, की चीक शिजत असताना शेजारीण आली तर तिच्या हातात चाटू द्यायचा आणि पातेल्यात दोन वेढे ढवळून घ्यायचे. म्हणजे तिची नजर तिच्याच हातानं उतरते. आता चारशे माणसांच्या हाती चाटू कसा द्यायचा? आणि त्यांच्या बसायची सोय कुठं करायची?

दुखणं तिनं स्वतःच्या पायांनी घरी आणलं होतं. आधी वाशीमकडे जाणाऱ्या गाड्या तिच्या दुकानाच्या दारातून जात, लोक उतरत, कुरड्या, काडीवर वळलेले सरगुंडे, शेवया बांधून नेत. मग मोठा रस्ता गावाबाहेरून गेला आणि दारात धूळ तेवढी थांबायची राहिली. शेजारच्या पार्लरवाल्या योगिनीनं तर मधली भिंत पाडायचं मनात पक्कंच केलं होतं. रोज येऊन ती बोटानं भिंतीवर टकटक करी आणि म्हणे, "काकू, पोकयच हाये बाप्पा. एका दिवसाचं काम हाये." मुलगा भागवतही म्हणाला, "आई, आखाजीच्या सनापर्यंत पाहू. नाई चाललं तं गाळा देऊन टाकू तिले. तू आता आराम कर." आराम हा शब्द रंगूबाईला शिवीसारखा लागला. आराम करायला बसलेली माणसं तिनं पाहिली होती. पुढं त्यांना चौघांनी उचलावं लागलं.

तेव्हा सून म्हणाली, "लोकं आता रस्त्यानं नाई येत आत्याबाई, फोनातून येतेत. फोनात कुरडई म्हटलं की आपलं नाव सगयात वर आलं पायजे." आणि असं नाव वर आणून देणारा एक मुलगा वाशीमहून आलाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पहिल्या पानावर आणून ठेवतो म्हणाला आणि त्याचे जे पैसे सांगितले त्यात एक दुभती म्हैस आली असती.

"म्हैस दूध देते बाबू," रंगूबाई म्हणाली. "तू काय देशीन?"

"रँक देतो काकू."

"थे कशासंगं खातेत?"

मुलगा पाणी पिऊन गेला. म्हशीची ऐपत नाही, तेव्हा हे काम घरच्या घरीच करायचं ठरलं. घरी पापड होतात, लोणचं होतं, मग एवढं नाव वर आणायला काय लागतं?

जगदेव मास्तर समोरच राहतात. शाळेतून सुटून बरीच वर्षं झाली, पण शिकवायची खोड सुटलेली नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणजे ते येणारच होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की गिऱ्हाईक जे शब्द शोधतं तेच शब्द आपण दुकानाच्या माहितीत पुन्हा पुन्हा लिहायचे. मग स्वतःच लिहून मोठ्यानं वाचलं, "कुरडई मालेगाव, मालेगावची कुरडई, उत्तम कुरडई मालेगाव, मालेगावात उत्तम कुरडई."

"मास्तर, हा का मंतर हाये?"

"मंत्रच समजा वहिनी. जितक्यांदा म्हनाल तितकं पावते."

"देव बी तिसऱ्या हाकेले म्हनते, आयकलं बापा, आता गप ऱ्हाय."

पण लिहिलं. त्यावर गूगलचं म्हणणं आलं की दुकान खरंच आहे याची खात्री पटवा. रंगूबाईचा मोठा अपमान झाला. सासू गेली तेव्हापासून ती त्या गाळ्यात बसते, पंचायतीचा माणूस, बँकेचा माणूस, कुणाची तिला असं विचारायची छाती झाली नव्हती. वर्षाराणीनं सांगितलं की रस्ता, पाटी आणि मालक कुलूप उघडतोय असा एकसलग व्हिडिओ काढून पाठवायचा. पहिल्या व्हिडिओत नानाजी नवं धोतर नेसून अखेरपर्यंत पाटीच्या पुढं उभा राहिला. नामंजूर. दुसऱ्यात, परके पाहणार म्हणून रंगूबाईनं नाकापर्यंत पदर ओढला आणि मागं वळून वळून पाहत कुलूप असं उघडलं, की पाहणाऱ्याला घरफोडीच वाटावी. नामंजूर. तिसऱ्यात उघड्या दारातून एक बकरी आत शिरली, आणि रंगूबाईनं तिला जे काही ऐकवलं ते मालकिणीशिवाय कुणाच्या तोंडी येणं शक्य नव्हतं. मंजूर.

पहिला फोन आला तेव्हा तिनं हात धुऊन, पदर सावरून तो कानाला लावला.

"मावशी, मी मालेगावच्या बसस्टँडवर उभा आहे. दुकान कुठं आहे तुमचं?"

"सरका सरका असे डाव्या हातानं या. पुढं मारोतीचं देऊय लागते."

माणूस चालत राहिला. बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा सावली सोडेना. थोड्या वेळानं पुन्हा फोन. "मावशी, देऊळ नाही दिसत. इथं सगळीकडं कापडाच्या मागांचा खडखडाट चाललाय."

"आनखी पुढं या, मंग खडखड नाई येत आयकू."

असा तो बिचारा चालत राहिला आणि रंगूबाई दारात उभी राहून वाट पाहत राहिली. शेवटी जगदेव मास्तरांनी तिच्या हातातून फोन घेऊन चौकशी केली आणि कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक नाशिककडच्या मालेगावात होतं. त्या मंत्रात मालेगाव इतक्यांदा आलं होतं, पण कोणतं मालेगाव, हे एकदाही आलं नव्हतं.

"म्हंजे म्या त्या मानसाले उन्हात दुसऱ्याच गावात हिंडवलं?" रंगूबाई खालीच बसली. चुकीचा तिला राग येतो, भीती नाही. पण तळतळाटाची भीती वाटते. उन्हात उपाशी फिरलेल्या माणसाचा तळतळाट कुरडईला लागला तर? तिनं मारुतीला नारळ बोलला आणि मास्तरांना तंबी दिली, की गावाचं पुरं नाव मालेगाव जहांगीर लिहा, वाशीम जिल्हा लिहा, आणि जागा उरली तर किन्हीराजाचा फाटाही लिहा.

मग राहिला फोटो. फोटोशिवाय नाव वर येत नाही म्हणे. वर्षाराणीनं गच्चीवरच्या पांढऱ्याशुभ्र कुरड्यांचा फोटो काढायला फोन उचलला आणि रंगूबाई आडवी आली.

"असा उघडा माल दाखवते काय कोनी? लेकराले बी बाहीर नेतांना तीट लावतेत."

"आत्याबाई, हे कुरडई हाये."

"लेकरापेक्षा जास्त राबली मी हिच्यापायी."

तिनं काजळाची डबी आणली, करंगळी बुडवली आणि अगदी पुढच्या, सगळ्यात देखण्या कुरडईवर एक ठसठशीत काळा टिपका लावला. मगच फोटो निघाला. तोच फोटो त्या चारशे जणांनी पाहिला होता.

चारशेचे पुढं हजार झाले, मग हजारही मागं पडले. दुसऱ्या कुणाच्या घरी पेढे वाटले असते. रंगूबाईची झोप उडाली. वर्षाराणी उजळ तोंडानं आकडा सांगे आणि रंगूबाईला त्यात डोळे दिसत, आकड्याच्या दुप्पट. चीक पातळ झाला, आकडा. एक पाटभर कुरड्या उचलताना तुटल्या, आकडा. भर उन्हाळ्यात आभाळ आलं तर ती आभाळावर नाही, सुनेवर खेकसली, "थे मशीन बंद कर, पाहून राह्यले थे."

रोज दिवेलागणीला ती मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या फोनावरून उतरवून चुलीत टाकू लागली. एरवी मिरच्या पडल्या की घर खोकून खोकून बेजार होतं. एके दिवशी मिरच्या जळाल्या, धूर झाला, आणि कुणालाच ठसका आला नाही. नजर भारी असली म्हणजे ठसका येत नाही, हे तिला आईनं सांगितलेलं. तिनं नानाजीकडे पाहिलं. बारा महिने खोकणारा माणूस, पण तोही गप्प.

"तुमाले बी नाई आला?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"तू पाहून राह्यली नं माह्याकडं," नानाजी म्हणाला. "म्या दाबून धरला."

पण तोवर भीती घरात शिरून बसली होती. दुसऱ्याच दिवशी पहिला अभिप्राय आला. एक चांदणी, आणि खाली लिहिलेलं, "फोटोतच कुरडईवर माशी बसली आहे. प्रत्यक्षात काय अवस्था असेल?"

वर्षाराणीनं ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा रंगूबाईचा विश्वास बसला नाही. तिच्या गच्चीवर माशी? तिच्या गच्चीवर माशी यायची तर आधी पाय धुऊन येते.

"लिही," ती म्हणाली. "लिही त्याले. माशी तुह्या डोयात हाये. तुह्या मायनं तुले तीट लावली असती तं हे अक्कल आली असती. कधी चार पैशाची कुरडई घेतली नाई अन् चांदन्या वाटून राह्यला."

वर्षाराणीनं लिहिलं, "आदरणीय ग्राहक, ती माशी नसून काजळ आहे. धन्यवाद."

त्यावर लगेच दुसरा आला. एक चांदणी. "कुरडईत काजळ घालतात, हे दुकानदार स्वतः कबूल करत आहेत."

वर्षाराणीनं गूगलकडे दोन्ही अभिप्रायांची तक्रार केली, त्यावर 'तपासत आहोत' एवढंच आलं. जगदेव मास्तर म्हणाले, अन्नात भेसळ म्हणजे गुन्हा, चौकशीला अधिकारी येतात, गाळ्याला सील लागतं. हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं. योगिनी येऊन भिंतीवर टकटक करून गेली आणि जाताना म्हणाली, "सील लागल्यावर भिंत नाई पाडता येत काकू. जे करायचं थे आधी करा." आखाजी चार दिवसांवर आलेली. किन्हीराजाच्या एका लग्नघरानं रुखवतासाठी सांगितलेल्या कुरड्या नको म्हणून निरोप धाडला. रंगूबाई गच्चीवर गेली, उरलेल्या कुरड्यांपुढं बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की द्यावा का गाळा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारात पांढरी गाडी थांबली.

गाडीतून एक माणूस उतरला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यानं पाटी वाचली, फोन पाहिला, पुन्हा पाटी पाहिली. नानाजीनं खिडकीतून पाहिलं आणि आत येऊन एकच शब्द बोलला, "आले."

रंगूबाईनं मग जो कारभार केला तो लढाईतल्या सेनापतीला शोभावा. नानाजीला खाटेवर आडवं करून पांघरूण घातलं, आजारी माणसाच्या घरी साहेब जरा हळू बोलतात म्हणून. सुनेला सांगितलं, "तुले काई ठाव नाई, तू इथं पाहुनी हायस." काजळाची डबी तिनं आधी पिठाच्या डब्यात लपवली. मग पिठात काजळ सापडलं तर काय होईल हे ध्यानात येऊन घाम फुटला, डबी पिठातून काढली आणि कमरेला खोचली. हात पिठानं पांढरे, तोंड भीतीनं पांढरं, अशी ती दारात जाऊन उभी राहिली.

माणसानं फोन तिच्यापुढं धरला. तोच फोटो. "हा काळा टिपका कोणी लावला?"

खोटं बोलायचं तिनं ठरवलं होतं. गंगू हाताखाली काम करायला येते, तिच्यावर ढकलायचं ठरलं होतं. पण आपल्या हातच्या तिटेचं श्रेय गंगूला द्यायचं म्हटल्यावर जीभ उलटली.

"म्या लावला," रंगूबाई म्हणाली. "माशी नाई थे. तीट हाये. न्यायचं असन तं मले न्या, मालाले हात लावू नका."

माणूस गाडीकडे वळला. "आई, ऐकलं का? तीटच आहे."

गाडीची मागची काच खाली गेली. आत एक म्हातारी बसली होती, पांढरं नऊवारी, डोळ्यांना जाड भिंग.

"म्या सांगतलं नव्हतं काय तुले?" ती लेकाला म्हणाली. "म्हने माशी. माशी का अशी मधोमध बसते? आमच्या आसेगावात माही माय सरगुंड्याच्या परातीले अशीच तीट लावे." मग रंगूबाईकडे पाहिलं. "नागपुरात पोराच्या घरी राह्यतो बाई. सगयं भेटते तिथं, पाकिटात. पन नजर उतरवलेला माल नाई भेटत. लेक म्हने गूगलवर माशीवाली कुरडई पाहा. म्या म्हटलं, गाडी काढ."

रंगूबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि स्वतः गाडीचं दार उघडलं. हे पाहायला नानाजी पांघरुणातून उठून आला होता.

म्हातारीनं गच्चीवरचं सगळं नेलं. किन्हीराजाच्या रुखवताचंसुद्धा नेलं. जाताना अट घातली, की वरच्या कुरडईला तीट पाहिजे. रंगूबाईनं कमरेची डबी काढली. लेकानं तिथंच उभं राहून पाच चांदण्या दिल्या आणि आईची सगळी हकिगत लिहिली. ती हकिगत वाचून नागपूर, पुणे, कुठून कुठून वऱ्हाडातली माणसं फोन करू लागली. कुणाला आजीची आठवण आली, कुणाला मावशीची. सगळ्यांचं एकच मागणं, तीट लावलेली द्या. आखाजी आली आणि गेली. भागवत गाळ्याचं नाव काढेना. योगिनी भिंतीवर टकटक करायच्या बहाण्यानं आली ती शेवया घेऊन गेली.

आणि एका संध्याकाळी वर्षाराणी धावत गच्चीवर आली. "आत्याबाई, गूगलनं आपली तक्रार मानली. माशीवाला अन् काजयवाला, दोन्ही काढून टाकले. आता सगये पाचच्या पाच. एक बी डाग नाई ऱ्हायला आपल्यावर."

रंगूबाई चीक ढवळत होती. तिनं चाटू पातेल्याच्या काठावर ठेवला. चेहरा असा उतरला की सून घाबरली.

"एकबी नाई?"

"एकबी नाई. सगयं साफ."

"अवो माय," ती पुटपुटली. "एवढे हजार डोये, अन् आंगावर तीट नाई." तिला वाटलं आताच आभाळ येतंय, आताच चीक फाटतोय. ती कठड्यापाशी गेली आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या जगदेव मास्तरांना हाक मारली.

"मास्तर, तुमच्या फोनातून आमच्या दुकानाले एक चांदनी द्या."

"पाच देतो नं वहिनी."

"एकच. जास्त दिली तं पाहून घ्या. अन् खाली काई वाईट लिवा."

मास्तरांनी चष्मा पुसला. इतक्या वर्षांच्या शेजारात अशी संधी त्यांना आली नव्हती. ते बराच वेळ लिहीत होते, मध्ये एकदा खोडलंही. मग वर्षाराणीच्या फोनात ते उमटलं आणि ती वाचायला तयार होईना.

"वाच," रंगूबाई म्हणाली.

"'कुरडई उत्तम. मालकीण मात्र फार फटकळ. सावध असावे.'"

नानाजीला खोकला आला होता, त्यानं तो दाबून धरला.

"फटकळच्या आधी काय लिवलं?"

"फार."

रंगूबाईनं ते मनाशी जोखलं. मग मान डोलावली.

"बसली," ती म्हणाली. "मधोमध बसली." आणि पुन्हा कठड्यावरून खाली वाकली. "मास्तर, चीक शिजून राह्यला. वर या अन् दोन वेढे ढवळून जा. तुमची बी नजर काई कमी नाई."